सात कोटींची शिल्लक : १९०२चे अंदाजपत्रक आणि पुण्याचे टीकाकार

ब्रिटिश हिंदुस्थानात वार्षिक अंदाजपत्रकाची पद्धत १८६० मध्ये जेम्स विल्सन या पहिल्या अर्थसदस्याने सुरू केली आणि तिच्यासोबत इंग्लंडच्या खजिन्यात रुजलेले काही दंडकही इकडे आले. चालू खर्च चालू उत्पन्नातूनच भागवावा, वर्षअखेरीस थोडीफार शिल्लक राहावी आणि ज्या कामातून निदान व्याजापुरते उत्पन्न निघेल अशा 'उत्पादक' कामांसाठीच कर्ज काढावे, असे त्या दंडकांचे सार होते. या शिस्तीत मुळात आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते आणि हिंदी टीकाकारांनीही तो घेतला नाही. इंग्लंडात मात्र शिल्लक पडू लागली की करदात्यांचे प्रतिनिधी पार्लमेंटात उठून कर कमी करण्याची मागणी करीत आणि अर्थमंत्र्याला तिची दखल घ्यावी लागे, तर हिंदुस्थानात तसे प्रतिनिधीही नव्हते आणि कर मंजूर वा नामंजूर करण्याचा हक्कही कोणाला नव्हता. त्यामुळे तोच दंडक येथे एकाच दिशेने चाले. तूट आली की कर वाढत आणि शिल्लक आली की ते होते तेथेच राहत. या एकतर्फी शिस्तीवरची सर्वांत नेमकी टीका विसाव्या शतकाच्या प्रारंभी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात झाली, पण तिची तयारी पुण्यात वीस-पंचवीस वर्षे आधीपासून चालली होती.

सरकारने स्वतःच घालून घेतलेल्या नियमाचे काय होते, याचा पहिला मोठा धडा दुष्काळ विमा निधीने दिला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा उद्ध्वस्त केल्यानंतर अर्थसदस्य सर जॉन स्ट्रॅची यांनी असा हिशेब मांडला की दुष्काळ ही या देशातली अधूनमधून हटकून येणारी आपत्ती असल्यामुळे तिचा सरासरी खर्च, म्हणजे वर्षाला सुमारे दीड कोटी रुपये, दरवर्षी बाजूला काढून ठेवला पाहिजे. त्यासाठी व्यापार-उदिमावर लायसन्स कर आणि काही प्रांतांत जमिनीवर उपकर बसवले गेले आणि हा पैसा अन्य कशासाठीही वापरला जाणार नाही, अशी ग्वाही लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दिली. थोड्याच अवधीत अफगाण युद्ध सुरू झाले. त्याचा प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या दुपटीहूनही अधिक निघाला, ही चूक १८८० मध्ये उघडकीस आल्यावर खुद्द स्ट्रॅची यांची कारकीर्द तेथेच आटोपली आणि दुष्काळासाठी म्हणून वसूल झालेला पैसा सर्वसाधारण जमाखर्चात मिसळून गेला. पुढे उतरत्या रुपयाच्या आणि ब्रह्मदेशाच्या युद्धाच्या काळात त्या निधीला पुन्हा कात्री लागली. कर मात्र एकदा बसले ते बसले. नियम मोडायचा झाला तर तो रयतेच्या बाजूचा आधी मोडतो, हे पुण्याच्या टीकाकारांनी तेव्हाच हेरून ठेवले होते.

यानंतरचा टप्पा समजण्यासाठी 'होम चार्जेस' आणि रुपयाचा भाव या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. होम चार्जेस म्हणजे हिंदुस्थानच्या तिजोरीतून दरवर्षी इंग्लंडात करावा लागणारा खर्च. त्यात कर्जावरील व रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, फौजेवरचा तिकडचा खर्च, सरकारी मालाची खरेदी आणि खुद्द इंडिया ऑफिसचा खर्च मोडत असे. हा सारा खर्च पौंडांत आणि सरकारचे उत्पन्न रुपयांत. त्यासाठी भारतमंत्री लंडनमध्ये 'कौन्सिल बिले' विकत. हिंदुस्थानात पैसे पाठवू इच्छिणारे व्यापारी तेथे सोने देऊन ही बिले घेत आणि ती इकडच्या तिजोऱ्यांत वटवून रुपये उचलत. जर्मनीसारख्या देशांनी सुवर्णचलन स्वीकारल्यावर १८७३ पासून चांदी घसरू लागली आणि तिच्यासोबत चांदीचा रुपयाही घसरला. जो रुपया पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास होता तो १८९४-९५ मध्ये जेमतेम १ शिलिंग १ पेनीवर आला. तेवढेच पौंड चुकवण्यासाठी कितीतरी अधिक रुपये लागू लागले, आणि ही वाढती तूट भरून काढण्यासाठी सरकारने एकामागून एक कर वाढवत नेले. १८८६ मध्ये प्राप्तिकर कायमचा झाला आणि वर्षाला अवघे ५०० रुपये मिळवणाराही त्याच्या कक्षेत आला. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. १८९४ मध्ये आयात मालावर जकात बसली, पण तिचा त्रास लँकेशायरच्या गिरण्यांना होऊ नये म्हणून १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि त्याच्या बरोबरीने मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के कर ठेवण्यात आला. स्वतःच्या देशात तयार होणाऱ्या मालावर केवळ परदेशी प्रतिस्पर्ध्याला बरे वाटावे म्हणून कर बसवणाऱ्या सरकारची उदाहरणे इतिहासात फार सापडणार नाहीत.

रुपयाची घसरण थांबवण्यासाठी २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन दिली की अल्प मजुरी कापून तिचे रुपये पाडून मिळत, त्यामुळे चांदीचा भाव आणि रुपयाचा भाव जवळजवळ एकच असे. टांकसाळी बंद झाल्यावर ही गाठ सुटली. नवे रुपये कमी पडू लागले, त्यांची टंचाई झाली आणि १८९८च्या सुमारास रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर चढला. पुढे चलनविषयक फाउलर समितीने तोच भाव कायम करण्याची शिफारस केली. व्यवहारात याचा अर्थ काय झाला, हे पाहण्यासाठी गावातल्या सोनाराचे दुकान पुरेसे होते. कुणब्याच्या घरातली बचत रुपयांत नसे, ती बायकोच्या गोठ-तोड्यांत आणि पोरांच्या वाळ्यांत असे. चांगल्या वर्षी घडवायची आणि वाईट वर्षी मोडायची, अशी ती ठेव. पूर्वी तोळाभर चांदी मोडली की जवळजवळ एक रुपया हाती येई. आता चांदी बाजारभावाने, म्हणजे बरीच उतरून जाई आणि जमिनीचा सारा मात्र चढ्या रुपयांतच भरावा लागे. १८९९-१९०० च्या दुष्काळात डाग मोडायला निघालेल्या माणसाला हा फरक कोणत्याही चलनसमितीच्या अहवालाशिवाय कळला. साऱ्याचा आकडा कागदावर जुनाच राहिला होता, वाढले होते त्यातल्या प्रत्येक रुपयाचे मोल.

हे सारे आकड्यांनी सिद्ध करण्याचे काम ज्यांनी केले त्यांत गणेश व्यंकटेश जोशी यांचे नाव आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. (पुण्याच्या सार्वजनिक सभेचे संस्थापक 'सार्वजनिक काका' म्हणजे गणेश वासुदेव जोशी. नामसाधर्म्यामुळे या दोघांची गल्लत चांगल्या चांगल्या लेखांतही होते.) शाळाखात्यातली सरकारी नोकरी सांभाळत या गृहस्थांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून शेती, करभार, फौजेचा खर्च आणि रेल्वे यांवर जे लेख लिहिले, त्यांचा सगळा भरणा सरकारनेच छापलेल्या ब्लू-बुकांतून, म्हणजे अहवाल व कोष्टकांच्या अधिकृत ग्रंथांतून आलेला असे. न्यायमूर्ती रानडे यांनी या मंडळींना लावलेली शिस्त हीच होती. भावनेने भारलेले वाक्य एक वेळ चालेल, पण आकडा असा हवा की सरकारी अधिकाऱ्याला तो नाकारताना आपलेच दप्तर नाकारावे लागेल. गोपाळ कृष्ण गोखले याच शाळेत तयार झाले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे १८९७ मध्ये दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्यासोबत त्यांची साक्ष झाली तेव्हा ते अवघे तिशीचे होते आणि कमिशनवर दादाभाई नवरोजी स्वतः सदस्य होते. साक्ष गाजली, पण इंग्लंडातल्या त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताविषयी केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने गोखल्यांना परतल्यावर जाहीर माफी मागावी लागली. आकडा हाताशी नसताना बोलण्याची किंमत त्यांनी अशी मोजली होती आणि पुढच्या त्यांच्या अंदाजपत्रकी भाषणांतली काटेकोर सावधगिरी या घटनेकडे दुर्लक्ष करून समजत नाही.

शतकाची अखेरची वर्षे पश्चिम हिंदुस्थानाला फार वाईट गेली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्याच साली पाऊस फसला आणि १८९९ मध्ये त्याहून भीषण दुष्काळ पडला, ज्यात १९००च्या उन्हाळा-पावसाळ्यात सरकारी दुष्काळी कामांवर व मदतीवर जगणाऱ्यांची संख्या ६० लाखांवर गेली. यांतल्या पहिल्या दुष्काळातच, दुष्काळसंहितेत पीक बुडाल्यास सारा तहकूब करण्याची किंवा माफ करण्याची तरतूद असल्याची आठवण 'केसरी' आणि तेव्हा टिळकांच्या हाती असलेली सार्वजनिक सभा गावोगाव करून देत होती. सरकारने त्याला उत्तर म्हणून १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. रोमेशचंद्र दत्त यांनी साऱ्याच्या चढ्या दरांविषयी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना उघड पत्रे लिहिली आणि कर्झन सरकारने जानेवारी १९०२ मध्ये एक प्रदीर्घ ठराव काढून दुष्काळाशी साऱ्याचा संबंध असल्याचे अमान्य केले. आणि यांपैकी शेवटच्या काही वर्षांत, दुष्काळाच्या मदतीचा मोठा खर्च सोसूनही, हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चात वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर चर्चा झाली ती १८९२च्या कायद्याने घालून दिलेल्या चौकटीत. सभासदाने भाषण करावे, अर्थसदस्याने आणि शेवटी व्हाइसरॉयने उत्तर द्यावे आणि अधिवेशन संपवावे, एवढेच तिचे स्वरूप होते. ठराव मांडता येत नसे, दुरुस्ती सुचवता येत नसे, मत देण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण आकडे आधीच ठरून जाहीर झालेले असत. अशा सभेत अर्थसदस्याचे अभिनंदन करून मग आपल्या प्रांताच्या एखाद-दुसऱ्या गाऱ्हाण्याकडे वळण्याचा रिवाज होता. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांच्याकडे त्या वर्षी अभिनंदनाला कारणही मोठे होते, कारण सुधारित अंदाजात ७ कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. फेरोजशहा मेहता यांच्या जागी मुंबईहून निवडून आलेल्या आणि या सभागृहात प्रथमच अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या ३५ वर्षांच्या गोखल्यांनी पहिल्याच वाक्यात त्या अभिनंदनात सहभागी होण्यास नकार दिला. हिंदुस्थानच्या वित्तव्यवहाराच्या इतिहासात अभूतपूर्व ठरावी अशी ही शिल्लक, देश उघडउघड हलाखीतून जात असताना पडलेली असल्यामुळे, लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी काही मेळ उरला नसल्याचाच पुरावा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या भाषणाच्या तयारीत त्यांनी गणेश व्यंकटेश जोशींची मदत घेतली होती. रानडे वर्षभरापूर्वीच, जानेवारी १९०१ मध्ये, निवर्तले होते.

भाषणाचा गाभा एका साध्या गणितात होता. रुपया १ शिलिंग १ पेनीच्या आसपास असताना एका पौंडासाठी १८ रुपयांहून अधिक लागत, आणि १ शिलिंग ४ पेन्स झाल्यावर बरोबर १५ पुरत. होम चार्जेस दीड कोटी पौंडांच्या वर असल्यामुळे केवळ विनिमयाच्या या फरकाने तिजोरीचे वर्षाला चार-पाच कोटी रुपये वाचू लागले. पण कर कोणत्या काळातले होते? ते स्वस्त रुपयाच्या काळात, तूट भरून काढण्यासाठी म्हणून वाढवलेले होते. तूट नाहीशी झाली तरी तिच्या नावाने बसवलेले कर चालूच राहिले आणि त्यांच्याच जोरावर शिल्लक उभी राहिली. तेव्हा ही शिल्लक देशाची भरभराट दाखवत नाही, ती चलनाच्या नव्या भावाची आणि जुन्या करांची बेरीज आहे, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत होता. गोखल्यांनी अशा शिलकेला दुहेरी अन्याय ठरवले. गरज सरल्यावरही लोकांकडून पैसा घेत राहणे हा पहिला, आणि अशा शिलकेकडे पाहून देश सुस्थितीत असल्याचा भ्रम राज्यकर्त्यांना होणे हा दुसरा. मिठाच्या करवाढीनंतर माणशी खप कसा रोडावला हे त्यांनी सरकारच्याच कोष्टकांवरून दाखवले. ज्या जिनसेचा उत्पादनखर्च मणामागे काही आणे, तिच्यावर कर ४० आणे, आणि भाकरीबरोबर मीठ-मिरचीखेरीज दुसरे काही नसलेल्या घरालाही तो चुकवता येत नाही, इतकी ती बाब उघड होती. त्यांच्या मागण्याही मोजक्याच होत्या. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर न्यावी आणि देशी कापडावरील कर उठवावा.

सर एडवर्ड लॉ यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ज्या देशाचे निम्मे उत्पन्न पावसावर लटकते त्याने चांगल्या वर्षी गाठीला काही ठेवू नये असे कोण म्हणेल? हिंदुस्थानात येण्यापूर्वी लॉ यांनी दिवाळखोर ग्रीसच्या कर्जफेडीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त आयोगावर काम केलेले होते, आणि धनकोच्या नजरेने तिजोरीकडे पाहण्याची सवय तेथे लागली असल्यास नवल नाही. पण पुण्याच्या मंडळींचा सवाल याच युक्तिवादाला भिडत होता. वाईट वर्षासाठी राखून ठेवायचे, तर ते दुष्काळ विमा निधीच्या वेळी का राखले गेले नाही, आणि सलग इतकी वाईट वर्षे येऊनही तिजोरीत शिल्लकच पडत असेल तर मग कोणत्या वर्षाची वाट पाहिली जात आहे?

याला उत्तर पुढच्या अंदाजपत्रकानेच दिले. १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १००० रुपये झाली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, त्याच वर्षी जमिनीवरील दुष्काळी उपकरही उठले आणि १९०७ मध्ये मिठाचा कर १ रुपयावर आला. दर उतरले तसा खप वाढत गेला, म्हणजे लोकांनी मीठ कमी खाणे ही आवड नसून ऐपतीची बाब होती, हेही सिद्ध झाले. मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभासदाच्या तीन मागण्यांपैकी दोन पाच वर्षांच्या आत पदरात पडल्या. तिसरी, कापडाच्या कराची, मात्र मँचेस्टरच्या हितसंबंधांवर अडली आणि ती १९२५च्या डिसेंबरात वसुली थांबेपर्यंत व पुढच्या वर्षी कर रद्द होईपर्यंत तशीच लोंबकळत राहिली. यातली दुसरी मागणी कोणाच्या फायद्याची होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. ५०० ते १००० रुपये वार्षिक मिळकतीचा माणूस म्हणजे कारकून, मास्तर, छोटा दुकानदार, अर्थात सभा आणि त्रैमासिके चालवणारा वर्गच. मिठाची मागणी रयतेसाठी होती, तर प्राप्तिकराची घरची.

कर उतरले तरी शिल्लक पडणे थांबले नाही, आणि मग वादाचा रोख ती कोठे जाते याकडे वळला. सरकार तिचा उपयोग रेल्वे बांधण्यासाठी किंवा कर्ज कमी करण्यासाठी करी. गोखल्यांचा आक्षेप असा की रेल्वे ही सरकारच्याच व्याख्येप्रमाणे उत्पादक कामे आहेत, ती कर्जाने बांधावीत असा नियमही सरकारचाच आहे, मग आजच्या गरीब करदात्याच्या पैशाने उद्याची मालमत्ता का उभारावी? हिंदुस्थानचे अनुत्पादक, म्हणजे ज्यातून काही उत्पन्न निघत नाही असे कर्ज इतर देशांच्या मानाने अल्प असताना ते फेडण्याची एवढी घाई कशासाठी? हा पैसा प्राथमिक शाळा, पिण्याचे पाणी, गटारे आणि शेतकऱ्याचे कर्जनिवारण यांवर खर्च व्हावा, असे ते १९०६ पासून वर्षानुवर्षे मांडत राहिले. शिलकी अंदाजपत्रकाच्या दंडकावरची ही टीका पहिलीपेक्षा खोल होती, कारण तिच्यात शिकलेले मूल आणि धडधाकट माणूस हीदेखील उत्पन्न देणारी मालमत्ता धरली होती, जी सरकारच्या जमाखर्चात कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. फौजेचा खर्च वाढवताना मात्र असा रकाना कधी शोधावा लागला नाही.

या टीकेच्या मर्यादाही मोठ्या होत्या. पुण्याच्या मंडळींनी तुटीचे अंदाजपत्रक कधी मागितले नाही. काटकसर, समतोल आणि मर्यादित सरकार या इंग्लिश उदारमतवादी कल्पनांवर त्यांची सरकारइतकीच श्रद्धा होती. सारा कमी व्हावा म्हणताना त्या सवलतीतले किती कुळाला मिळेल आणि किती खोत, इनामदार वा सावकाराच्या घरात मुरेल, हा प्रश्न त्यांनी फारसा विचारला नाही. तो विचारणारे सत्यशोधक लेखन त्याच पुण्यात आधीपासून होत होते आणि त्याच्याशी या मंडळींचा संवाद जवळजवळ नव्हताच. पण सरकारी हिशेबाची नीटनेटकी वही हाच चांगल्या कारभाराचा दाखला मानण्याची सवय त्यांनी मोडली, आणि तीही वहीत एकही आकडा न बदलता. नियम कोणता, यापेक्षा तो पाळताना कोणाचा खर्च आधी कापला जातो आणि कोणाचा कधीच कापला जात नाही, हे पाहण्याची त्यांची रीत पुढच्या प्रत्येक अर्थविषयक वादाला उपयोगी पडली आहे आणि आजही पडते.

१९०९च्या सुधारणांनंतर अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याची मुभा मिळाली, पण कौन्सिलात सरकारी बहुमत कायम होते. मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी, स्थानिक संस्थांनी ठरवल्यास, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारे विधेयक मांडले. त्याचा खर्च सरकार आणि स्थानिक संस्था यांनी दोनास एक या प्रमाणात सोसावा अशी त्यात योजना होती. पैशाची अडचण हा विरोधकांच्या हातातला एक मुख्य मुद्दा होता. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.